आवाज कुणाचा?



पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत पुण्यात भरत नाट्य मंदिराच्या आसपास जे कधी फिरकले असतील, त्यांना एक आरोळी ठाऊक असेल. ‘अरे, आवाज कुणाचा?’ मुलं घसा फाडून विचारतात आणि घसा फाडूनच आपापल्या कॉलेजचं नाव उत्तरात देतात. तिथे उत्तर सोपं आहे. आज आम्ही तोच प्रश्न जरा खालच्या पट्टीत विचारणार आहोत. तुम्ही मैफलीला जाता, दुसऱ्या दिवशी कुणाला तरी सांगता, ‘काल काय आवाज लागला होता!’ किंवा, ‘काल आवाज लागलाच नाही.’ तर तो आवाज कुणाचा होता?

आमच्याबद्दल दोन शब्द. आम्ही दोघं साऊंडवाले. पत्रिकेत छापलंच तर ‘ध्वनिव्यवस्था’, एरवी नुसतं ‘ए साऊंड!’ गाण्याच्या मैफली, नाटकं, सत्कार, कीर्तनं, गावोगावच्या व्याख्यानमाला, सगळीकडे आम्ही असतो. आजही मागे एक मित्र मिक्सरवर बसलाय, त्याच्या जिवावर बोलतोय. बोलणारा एक आहे, पण भाषण दोघांनी मिळून तयार केलंय, म्हणून ‘आम्ही’.

आज मानधनाची तक्रार करायला आलेलो नाही. विषय समीक्षेचा आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. माइकवर झालेल्या कार्यक्रमाची समीक्षा करताना ध्वनी ऐकायचा राहून गेला, तर कलाकाराबद्दलचा निकालही चुकतो. आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा राहूनच जातो.

मैफलीचं परीक्षण आठवून बघा. राग कोणता, ताल कोणता, विलंबित कसं मांडलं, तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, निवेदन कुणी केलं, दीपप्रज्वलन कुणाच्या हस्ते झालं, हेसुद्धा येतं. नाटकाच्या परीक्षणात नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा, प्रत्येकाला एकेक वाक्य मिळतं. ध्वनीवर वाक्य येतं ते बिघडल्यावर. ‘ध्वनिव्यवस्थेने रसभंग केला.’ बस. म्हणजे आमचं काम चांगलं झालं तर ते झालंच नाही असं मानायचं, आणि वाईट झालं तर शिट्टी वाजली म्हणून कळायचं. वर्तमानपत्रात आमचा आणखी एकदा उल्लेख होतो, गणपतीत, रात्री दहानंतर. (हशा)

हे असं का झालं असावं? आमचा अंदाज असा. आपल्या समीक्षेची भाषा माइक नसतानाच्या काळात घडली. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा नाटकगृहात माइक नव्हता. नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तो त्याच्या छातीच्या आणि सभागृहाच्या बळावर. त्या काळात ‘आवाज लागला’ म्हणजे गळाच लागला, दुसरं कोणी मधे नव्हतंच. ‘फेक’, ‘पल्ला’, ‘बुलंद’ हे शब्द तिथले. पुढे माइक आला आणि गाणंच बदललं. कानाशी बोलावं तसं गायचं, श्वाससुद्धा ऐकू यावा, ही सोय त्याने केली. भावगीत हा प्रकार तर रेडिओ, ध्वनिमुद्रिका आणि माइक यांच्याच काळातला. मंद्रात रमणारी ख्यालगायकी हजारोंच्या मंडपात शेवटपर्यंत पोचते ती माइकमुळे. गाणं बदललं, पण त्याबद्दल लिहायचे शब्द तेच राहिले. माइकवरून आलेल्या आवाजाला आपण अजून ‘बुलंद’ म्हणतो.

आता मधे काय काय घडतं ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं अधांतरी राहील.

गळ्यातून आवाज निघतो. वीतभर अंतरावरचा माइक तो घेतो. पण माइक म्हणजे आरसा नव्हे, प्रत्येक माइकला स्वतःचा स्वभाव असतो. शुअर कंपनीचा एसएम ५८ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, गोल जाळीचा. तो १९६६ सालचा. त्यात खालचा खर्ज थोडा कमी आणि वरचा, शब्द स्पष्ट करणारा भाग थोडा उचललेला असतो. भाषणाला, रॉकच्या गायकाला तो छान. ज्या गळ्यात मुळातच धार आहे, त्याला तोच माइक दिला तर ती धार टोचायला लागते. शिवाय असल्या माइकच्या जवळ गेलात की आवाजाला भरदारपणा येतो, लांब गेलात की आवाज बारीक होतो. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो.

माइकमधून आवाज मिक्सरवर येतो. तिथे आम्ही तीन गोष्टी ठरवतो. किती घ्यायचा, त्यातला कोणता भाग ठेवायचा, आणि कुणाला किती पाठवायचा. एक वाटणी सभागृहातल्या स्पीकरना, म्हणजे तुम्हाला. दुसरी वाटणी कलाकारासमोरच्या त्या तिरक्या काळ्या पेटीला, म्हणजे मॉनिटरला. गाणारा स्वतःला ऐकतो तो मुख्यतः त्या पेटीतून. तुम्हाला ऐकू येणारं गाणं आणि त्याला ऐकू येणारं गाणं, ही दोन वेगळी गाणी असतात. हे समीक्षेत कधी आलेलं आम्ही वाचलेलं नाही.

आणि शिट्टी. मॉनिटरमधला आवाज परत माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो, परत शिरतो. हे चक्र सुटलं की कुई वाजते. मंचावर जितके माइक उघडे, तितकी ती हद्द जवळ येते. उघडे माइक दुप्पट केले की साधारण ३ डेसिबलची जागा हातातून जाते. आता मोजा. गायकाला एक, दोन तानपुऱ्यांना दोन, संवादिनीला एक, तबल्याला दोन, मागे साथ करणाऱ्या शिष्यांना दोन. झाले आठ. एका माइकच्या मानाने ९ डेसिबल गेले. त्यात गायकाने खूण केली, ‘मॉनिटर वाढवा’, की आम्ही त्या उरलेल्या जागेत चालत असतो.

आता एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वीची. गाव, सभागृह, वर्तमानपत्र, कलाकार, कुणाचंच नाव घेणार नाही. चूक आमची होती.

एक ज्येष्ठ गायिका. सगळे त्यांना ताई म्हणतात, आम्हीही. कार्यक्रम सहाचा, साऊंड चेक साडेचारला. ताई बसल्या, माइक वीतभर अंतरावर, हनुवटीच्या जरा खाली. म्हणाल्या, ‘तानपुरा भरपूर द्या. माझा आवाज मला बेताचा द्या, फार ऐकू आला की मी आळशीपणा करते.’ पंधरा मिनिटांत सगळं जुळलं. आम्ही खूश.

साडेपाचला संयोजकांपैकी एकजण आले. व्हिडिओवाल्याची तक्रार होती, माइकमुळे ताईंचा चेहरा झाकला जातोय. ‘जरा खाली घ्या की, आणि थोडा मागे.’ आम्ही घेतला. एका वितीच्या दोन विती झाल्या. तेव्हा वाटलं, वरून भरून काढू.

पडदा उघडला. सभागृह भरलेलं. रिकाम्या सभागृहात जुळवलेला आवाज भरलेल्या सभागृहात तसाच राहत नाही, कारण माणसं आवाज शोषतात, विशेषतः वरचा भाग. ताईंचा षड्ज लागला तो बारीक, लांबून आल्यासारखा. आम्ही वाढवला. त्याबरोबर त्याच माइकमध्ये शिरलेली संवादिनी वाढली, डग्गा वाढला, आणि मॉनिटर कुईकुई करायला लागला. म्हणून मॉनिटर उतरवला. तुमच्यासाठी शिट्टी थांबली. ताईंसाठी त्या स्वतःच नाहीशा झाल्या.

अशा वेळी काय करायला हवं होतं? उठायचं, वीस पावलं चालायचं, मंचावर जायचं आणि माइक परत एक वीत पुढे आणायचा. आम्ही गेलो नाही. विलंबित सुरू झालं होतं, मधेच मंचावर जाणं बरं दिसत नाही, असं एकमेकांना म्हणालो. खरं तर व्हिडिओवाला ओरडेल, संयोजक रागावतील, ही भीती होती. ताईंना स्वतःचा आवाज सापडत नव्हता, म्हणून त्या जोर लावत गेल्या. चाळीस मिनिटांनी, द्रुतात, तार षड्ज चिरला. एकदा नाही, दोनदा.

मध्यंतरात त्या एवढंच म्हणाल्या, ‘आज मला मी सापडत नाहीये रे.’ आम्ही माइक पुढे आणला, मॉनिटर वाढवला. उत्तरार्ध सुंदर झाला.

दोन दिवसांनी परीक्षण आलं. त्याचा मतितार्थ असा: वय आता गळ्यात जाणवू लागलं आहे, तार सप्तकात ते लपत नाही, मात्र उत्तरार्धात त्यांनी अनुभवाच्या जोरावर मैफल सावरली.

त्या अनुभवाची लांबी एक वीत होती, मंडळी.

परीक्षण लिहिणारे गृहस्थ जाणकार होते. रागाबद्दल जे लिहिलं होतं ते चोख होतं. त्यांनी खोटं काही लिहिलं नाही, जे ऐकलं तेच लिहिलं. फक्त, जे ऐकलं ते सगळं गळ्याच्या खात्यावर टाकलं. आणि आम्ही? आम्हाला खरं माहीत होतं. एक पत्र लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. ‘आमच्यामुळे बिघडलं’ असं छापून आलं असतं तर पुढच्या चार सुपाऱ्या गेल्या असत्या. पुढच्या वर्षी त्या गावाने ताईंना बोलावलं नाही. त्याचं कारण ते परीक्षणच होतं का, ते सांगता येत नाही. पण ‘वय झालं’ हा शिक्का छापून आला की तो पुसायला कुणी येत नाही.

नंतर एकदा दुसरीकडे ताईंबरोबर काम करायचा योग आला. बसल्याबरोबर त्यांनी हात पसरून माइकचं अंतर वितीने मोजलं आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, ‘हे एवढं. कुणीही सांगितलं तरी हलवायचं नाही.’ त्यांना सगळं कळलेलं होतं.

ही गोष्ट अपवाद असती तर सांगितली नसती. समीक्षक बसतो कुठे, हा साधा प्रश्न घ्या. बहुधा पहिल्या दोन रांगांत, पाहुण्यांच्या सोफ्यांजवळ. आणि बहुतेक सभागृहांत सगळ्यात फसवा आवाज तिथेच असतो. मुख्य स्पीकर उंचावर किंवा दोन बाजूंना असतात, त्यांचा रोख मागच्या रांगांवर. पुढच्या सोफ्यावर तबला थेट मंचावरून ऐकू येतो, मॉनिटरची मागची बाजू ऐकू येते, आणि गायकाचे शब्द डोक्यावरून जातात. तिथे बसून ‘तबला फार वर होता’ असं लिहिलं तर ते त्या सोफ्यापुरतं खरं असतं.

उलट मोठ्या मंडपात शेवटी बसलात तर वेगळाच प्रकार. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. तिथे जसे मैदानावर हजारो लोक बसतात, तशा ठिकाणी मागच्या लोकांसाठी मधे जास्तीचे स्पीकर लावावे लागतात. आवाज हवेतून १० मीटर जायला साधारण २९ मिलिसेकंद घेतो, वायरमधून जवळजवळ काहीच नाही. म्हणून ५० मीटरवरचा स्पीकर मुद्दाम सुमारे १४५ मिलिसेकंद थांबवून वाजवायचा, नाहीतर प्रत्येक तान दोनदा ऐकू येते. हे चुकलं की मागच्या माणसाला लय पसरट वाटते, तबला-गायन सुटल्यासारखं वाटतं. आणि तो घरी जाऊन म्हणतो, ‘आज तबलजीचं जमलं नाही.’

नाटकातही तेच. मंचाच्या कडेला ठेवलेले माइक आणि वरून टांगलेले माइक, यांवर आपली बरीच नाटकं चालतात. दुपारचा प्रयोग ठाण्यात, रात्रीचा दादरला. सभागृह बदललं, माइक तेच. नटांना ठाऊक असतं की पाठमोरं बोललं तर वाक्य गेलं. म्हणून हशाचं वाक्य घ्यायला नट दोन पावलं पुढे येतो, प्रेक्षकांकडे वळतो. दिग्दर्शकाने तसं बसवलेलं नसतं, माइकने बसवलेलं असतं. समीक्षक मात्र लिहितात, ‘अभिनय प्रेक्षकशरण आहे.’ असेलही. पण आधी तो माइकशरण आहे का, ते बघायला नको?

‘ही तांत्रिक बाब आहे, कलेची नाही,’ असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. हे आपल्याकडेच आहे असं नाही. न्यूयॉर्कला ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांत २००८ पासून ध्वनिसंकल्पनेला पुरस्कार देऊ लागले. २०१४ मध्ये तो बंद करायचं ठरलं. तेव्हा जी कारणं चर्चेत आली त्यांतलं एक असं, की मत देणाऱ्यांपैकी अनेकांना ध्वनीचं मूल्यमापन कसं करायचं तेच कळत नाही. मोठा निषेध झाला आणि २०१८ मध्ये पुरस्कार परत आला. आम्हाला ते कारण फार प्रामाणिक वाटतं. ऐकता येत नाही म्हणून निकाल देणार नाही, असं निदान कुणीतरी म्हटलं. आपल्याकडे ऐकता येत नाही, तरी निकाल दिला जातो, फक्त तो गायकावर दिला जातो.

आता आमच्याकडे वळू. समीक्षकांना बोल लावून आम्ही मोकळे होणार नाही. आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा दोष म्हणजे, मोठं ते चांगलं ही समजूत. संयोजक म्हणतात ‘वाढव’, मागच्या रांगेतला एकजण हात उंचावतो, आणि आम्ही फेडर वर सारतो. खाली कधी कुणी आणत नाही. सुरुवातीचा आलाप आणि शेवटची तान एकाच मापाची होऊन बसते. गायकाने दीड तासात हळूहळू रचलेला चढ आम्ही पहिल्या दहा मिनिटांत संपवून टाकतो. दुसरा दोष, प्रतिध्वनीचा मसाला. आवाज कोरडा वाटला की थोडा घुमारा घालायचा. थोडा म्हणता म्हणता एवढा, की मुरकीचे दाणे एकमेकांत विरघळून जातात. मग परीक्षणात येतं, ‘मुरक्या अस्पष्ट.’ तिसरा दोष, सगळ्यांना एकच सेटिंग. काल ऑर्केस्ट्रा, आज ख्याल, मिक्सर तसाच.

आणि यात आमचे कानही जातात. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा दंडक असा, की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. या हिशोबाने १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीची कमाल मर्यादा सांगितली, तीही १०० डेसिबलच. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, त्यांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५. पण ते शेजाऱ्यांसाठी आहेत. स्पीकरच्या समोर रात्रभर उभ्या असणाऱ्या पोराचे कान कुणी मोजत नाही. आमच्या दोघांपैकी एकाच्या उजव्या कानात गेली काही वर्षं बारीक शिट्टी वाजते. रात्री सगळं शांत झालं की जास्त. ती कुठल्याच फेडरने उतरत नाही.

याचा समीक्षेशी काय संबंध, असं वाटेल. संबंध सरळ आहे. कान झिजतात तेव्हा आधी वरचे स्वर जातात. ज्याचे वरचे स्वर गेले, त्याला आवाज मंद वाटतो, म्हणून तो मिक्सरवर वरचा भाग वाढवतो. त्याला ते बरोबर वाटतं, तुम्हाला टोचतं. त्याला हे कळायचा मार्ग काय? स्वतःच्या कानाने तर कळणार नाही. संयोजक बिल चुकतं करून मोकळे होतात. कलाकार पुढच्या गावाला गेलेला असतो. कुणीतरी लिहायला हवं, की अमक्या मैफलीत आवाज कर्कश होता, गळा तसा नव्हता. ‘रसभंग झाला’ यातून काही शिकता येत नाही. ‘डग्ग्याचा मींड ऐकू आला नाही, नुसता धप्प आवाज आला’ असं लिहिलं तर आम्ही दुसऱ्या दिवशी डग्ग्याचा माइक हलवून बघू.

म्हणून समीक्षकांना, आणि खरं तर तुम्हा सगळ्यांनाच, तीन विनंत्या.

पहिली, आपण कुठे बसलो होतो ते लिहा. शक्य असेल तर मध्यंतरानंतर जागा बदला. पहिल्या रांगेतून पंधराव्या रांगेत गेल्यावर गायक बदलला असं वाटलं, तर तो बदललेला नाही, हे लक्षात घ्या.

दुसरी, गळ्याबद्दल निकाल देण्याआधी तानपुरा ऐका. तानपुरा झऱ्यासारखा वेगळा ऐकू येत असेल, तर बाकीचं बरंचसं ठीक आहे. तो नुसता गूं असा येत असेल किंवा येतच नसेल, तर गायकाच्या आवाजाबद्दल जरा जपून बोला. गायक वारंवार उजवीकडे, मिक्सरच्या दिशेने बघतोय का, हात वर-खाली करतोय का, तेही बघा. त्या खुणा रसिकांना दाद मागण्यासाठी नसतात.

तिसरी, आम्हाला नावाने झोडा. तबलजीने लय ओढली तर तुम्ही नाव घेऊन लिहिता ना? मिक्सरवर बसलेला माणूसही त्या मैफलीचा साथीदार आहे. त्याचं नाव विचारा, छापा, आणि चुकलं असेल तर चुकलं म्हणून छापा. ताईंच्या त्या परीक्षणात आमची नावं असती, ‘माइकचं अंतर चुकलं’ असं एक वाक्य असतं, तर आम्हाला सुपाऱ्यांचा थोडा फटका बसला असता. तो आम्ही सोसला असता. त्यांच्या वयावर तो बसायला नको होता.

आता प्रश्न घेऊ. आणि प्रश्न विचारणाऱ्यांनी कृपा करून माइक तोंडाजवळ धरा. एक वीत पुरे.